उलाळ गाडीची चार चाके : पोर्शे ९११ आणि टायरच्या मापांचा इतिहास

१/
ऑक्टोबर १९७२. पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पोर्शे कंपनीने ‘९११ कॅरेरा आर. एस. २.७’ ही गाडी मांडली. प्रेक्षकांच्या नजरा मागच्या झाकणावरच्या उंचावलेल्या शेपटीकडे गेल्या. चाकांकडे पाहणारे थोडे असतील. पुढच्या टायरवर माप होते १८५/७०, मागच्यावर २१५/६०. कंपनीच्या विक्रीच्या गाड्यांत पुढची आणि मागची चाके वेगळ्या मापांची असण्याची ही पहिलीच वेळ. या दोन आकड्यांपर्यंत पोहोचायला जवळजवळ नऊ वर्षे लागली होती. त्या निवडीचा हा धागा.

२/
आरंभ सप्टेंबर १९६३ चा. फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शेने ‘३५६’ या जुन्या गाडीची वारसदार दाखवली. तिचे मूळ नाव ९०१. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितला आणि नाव ९११ झाले. इंजिन सहा सिलिंडरचे, दोन लिटरचे, १३० अश्वशक्तीचे. ३५६ मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे असे. ती परंपरा नव्या गाडीतही पाळली गेली, आणि पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या एका निर्णयात आहे.

३/
बैलगाडी हाकणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. भार पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर ओझे येते. भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, धुरा वर उचलली जाते. ९११ ही जातीचीच उलाळ गाडी होती. तिच्या वजनाचा सुमारे ५९ टक्के भाग मागच्या चाकांवर आणि ४१ टक्के पुढच्या चाकांवर येई. सरळ रस्त्यावर, वेग घेताना, ही रचना लाभाचीच ठरते. मागची चाके जमीन घट्ट धरतात. अडचण वळणावर येते.

४/
वळणावर प्रत्येक टायर थोडासा पिळवटतो. चाकाचे तोंड एका दिशेला असते, आणि गाडी प्रत्यक्ष जाते ती त्याहून किंचित वेगळ्या दिशेने. या दोन दिशांमधला कोन पुढच्या चाकांना जास्त पडला, तर गाडी वळणाच्या बाहेर सरळ जाऊ पाहते. मागच्या चाकांना जास्त पडला, तर शेपूट बाहेर फेकले जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. मागे जड इंजिन असले की हा दुसरा धोका मोठा. त्यात चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि उरलेली पकडही सुटते.

५/
हा प्रश्न एकट्या पोर्शेचा नव्हता. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६० सालासाठी ‘शेव्हरोले कॉर्व्हेर’ बाजारात आणली होती. तिचेही इंजिन मागेच. चारही चाके एकाच मापाची. दोन्ही आसांचा समतोल साधण्यासाठी कंपनीने हवेच्या दाबाचा आधार घेतला : गार टायरमध्ये पुढे १५ पौंड, मागे २६ पौंड. पुढचे टायर मुद्दाम मऊ ठेवायचे, म्हणजे त्यांचा कोन वाढेल आणि मागची चाके आधी सुटणार नाहीत. तर्क बरोबर होता. परंतु तो पाळण्याची जबाबदारी गाडीचा मालक आणि पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा यांच्यावर पडली.

६/
१९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेरवर होते, आणि हवेच्या दाबाचा हा मुद्दा त्यात होता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणेच्या अभ्यासाने असा निर्वाळा दिला, की जुनी कॉर्व्हेर तिच्या समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती. तोवर त्या गाडीचे उत्पादन थांबून तीन वर्षे उलटली होती. मागे इंजिन असलेली गाडी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीसमोर हे उदाहरण होते.

७/
९११ चे मागचे सस्पेन्शन कॉर्व्हेरच्या पहिल्या रचनेहून बरेच प्रगत होते. तरीही शेपटीचा स्वभाव सुटला नव्हता. पहिल्या ९११ ला साडेचार इंच रुंद, १५ इंच व्यासाची पोलादी चाके आणि १६५ मिलिमीटरचे टायर होते. चारही ठिकाणी सारखेच. गाडीचे नाक जड करण्यासाठी पोर्शेच्या अभियंत्यांनी एक उपाय केला, जो आज वाचताना हसू येते : पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना आतून सुमारे ११-११ किलोची वजने बसवली. स्पोर्ट्स कार बांधणारे लोक एकेक किलो कमी करण्यासाठी झटतात. इथे २२ किलो मुद्दाम वाढवले गेले.

८/
पुढे जाण्यापूर्वी टायरवरची अक्षरे वाचायला हवीत. ‘१८५/७० व्ही आर १५’ याचा अर्थ असा : टायरची रुंदी १८५ मिलिमीटर; त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के; आर म्हणजे रेडियल; १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. व्ही हे वेगाचे अक्षर. त्या काळी एच अक्षराचा टायर ताशी २१० किलोमीटरपर्यंत चाले. त्यापुढच्या वेगासाठी व्ही लागे. रिमवर ‘६ जे’ लिहिलेले असेल, तर रिम ६ इंच रुंद आहे आणि जे हे तिच्या कडेच्या आकाराचे चिन्ह आहे.

९/
रुंद टायर घातला की जमिनीला जास्त रबर टेकते, हा समज सर्वत्र आढळतो. तो पुरता खरा नाही. टायर भार पेलतो तो मुख्यतः आतल्या हवेच्या जोरावर. एका चाकावर २७५ किलो भार आणि हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २ किलो असेल, तर जमिनीला टेकणारा तुकडा साधारण १३७ चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. टायर रुंद केला तरी हे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. बदलतो तो त्याचा आकार.

१०/
अरुंद टायरचा हा तळहात गाडीच्या दिशेने लांबट असतो. रुंद टायरचा आडवा आणि आखूड. आडवा तुकडा वळणावर कमी पिळवटतो. तेवढेच आडवे बळ पेलताना त्याला कमी कोन पुरतो. दुसरी गोष्ट भाराची. टायरवरचा भार दुप्पट केला, तरी त्याची पकड दुप्पट होत नाही. थोडी कमीच भरते. म्हणून जड आसाचे टायर नेहमी तोट्यात असतात. हा तोटा भरून काढायचा, तर जड आसाला अधिक रुंद टायर द्यावा लागतो. ९११ च्या बाबतीत तो आस मागचा.

११/
पण रुंद टायरला रुंद रिम हवी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, तर त्याच्या भिंती बाहेर फुगतात आणि वळणावर डुलतात. रिम रुंद केली की वजन वाढते, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचे असते. खड्ड्यावर ते वरखाली उसळते आणि टायरला जमिनीपासून सोडवू पाहते. तेव्हा रुंदीआधी हलकेपणाचा प्रश्न सोडवणे भाग होते. त्याचे उत्तर माइनर्ट्‌सहागेन गावच्या ओटो फुक्स या कारखान्यातून आले.

१२/
१९६६ मध्ये १६० अश्वशक्तीची ‘९११ एस’ आली, ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या नव्या चाकांवर. ही चाके साच्यात ओतलेली नव्हती. तापवलेला धातू प्रचंड दाबाखाली घडवून ती तयार केली होती. घडवलेल्या धातूचा पोत दाट राहतो, म्हणून कमी धातूत तेवढेच बळ मिळते. पाच पाकळ्यांचे त्यांचे रूप पोर्शेच्या हाइनरिश क्ली यांच्या हातचे. आज ‘फुक्स चाक’ शोभेची वस्तू म्हणून जपले जाते. मुळात ते वजन वाचवण्याचे साधन होते. पहिल्या फुक्स चाकाची रुंदी मात्र जुनीच होती : साडेचार इंच.

१३/
मग रुंदी पायरीपायरीने वाढू लागली. १९६८ सालच्या गाड्यांवर साडेपाच इंच. १९६९ च्या गाड्यांवर ६ इंच आणि त्यावर १८५/७० चे टायर. त्याच वर्षी मोठा बदल झाला : दोन आसांमधले अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर झाले. इंजिन जागेवरच राहिले. मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली गेली. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे, तर भार न हलवता आसच भाराखाली नेला. एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या. बंपरमधल्या निरुपयोगी वजनाचे काम आता उपयोगी वजन करू लागले.

१४/
एवढे होऊनही चारही चाके सारखीच होती. सारखी रुंदी वाढवली की दोन्ही टोकांची पकड वाढते. त्यांच्यातले गुणोत्तर मात्र तसेच राहते. मग मागची चाके वेगळी का करू नयेत? कारण समान चाकांचे फायदे रोजच्या वापराचे होते. एकच सुटे चाक चारही जागी चालते. टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून सारखे झिजवता येतात. वेगळी मापे स्वीकारणे म्हणजे मालकाची ही सोय काढून घेणे. त्यासाठी तसेच सबळ कारण हवे होते, आणि ते शर्यतीच्या मैदानावरून आले.

१५/
१९७० आणि १९७१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत पोर्शेच्या ‘९१७’ या गाडीने जिंकली. १९७२ पासून त्या स्पर्धामालिकेत इंजिनाची मर्यादा ३ लिटर झाली आणि पाच लिटरच्या वर्गातली ही गाडी तिथून बाद ठरली. कंपनीची धुरा नुकतीच अर्न्स्ट फुरमान यांच्याकडे आली होती. विक्रीच्या गाडीवर आधारलेल्या स्पर्धावर्गात ९११ उतरवण्याचे ठरले. नियमाप्रमाणे तशा ५०० गाड्या बांधून विकाव्या लागत. शर्यतीच्या गाडीला लागणारी मूळ रचना आता रस्त्यावरच्या गाडीत असणे आवश्यक झाले.

१६/
आर. एस. २.७ जन्मली ती अशी. इंजिन २१० अश्वशक्तीचे. हलक्या ‘स्पोर्ट’ आवृत्तीचे वजन ९६० किलो. पुढे ६ इंची रिमवर १८५/७० चा टायर, मागे ७ इंची रिमवर २१५/६० चा. आता थोडे गणित. १८५ चे ७० टक्के म्हणजे १२९.५ मिलिमीटर. २१५ चे ६० टक्के म्हणजे १२९. रिमचा व्यास १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली, तर पुढचे चाक ६४० मिलिमीटर उंच आणि मागचे ६३९. रुंदीत ३० मिलिमीटरचा फरक, उंचीत अवघ्या एकाचा.

१७/
रुंदी वाढवताना भिंतीची टक्केवारी तशीच ठेवली असती, तर काय झाले असते? २१५/७० चे चाक ६८२ मिलिमीटर उंच भरते. मग गाडीचे बूड दोन सेंटीमीटरने वर उचलले गेले असते. प्रत्येक फेऱ्यात चाक जास्त अंतर कापणार, म्हणून सगळे गिअर लांबट झाले असते आणि वेग घेण्याची चपळाई उणावली असती. ७० च्या जागी ६० हा आकडा आला, तो उंची राखण्यासाठी. टायर बदलताना रुंदी आणि टक्केवारी जोडीने बदलावी लागते, हे या दोन मापांत स्पष्ट दिसते.

१८/
आणखी एक आकडा चाकाच्या पाठीमागे कोरलेला असतो : ऑफसेट. चाक जिथे हबला टेकते, तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, याचे ते माप. ६ इंची फुक्सचे ऑफसेट ३६ मिलिमीटर, ७ इंचीचे २३.३. फरक १२.७, म्हणजे बरोबर अर्धा इंच. एक इंच रुंदी वाढली, तेव्हा तिचा अर्धा भाग आत आणि अर्धा बाहेर गेला असता. ऑफसेट अर्ध्या इंचाने घटवल्यामुळे आतली कड होती तिथेच राहिली आणि वाढलेला सगळा इंच बाहेर गेला.

१९/
कारण आत जागा नव्हती. आतल्या बाजूला सस्पेन्शनचे भाग आणि गाडीचा सांगाडा. फिरणारे, उसळणारे चाक त्यांना घासून चालणार नाही. मग बाहेर जागा करणे हाच मार्ग उरला. आर. एस. चे मागचे मडगार्ड रुंद केले गेले आणि तिथे गाडीची रुंदी एकूण ४२ मिलिमीटरने वाढली. ९११ च्या पुठ्ठ्याचा जो भरदार डौल चाहत्यांना मोहवतो, त्याची सुरुवात अशी एका इंचाच्या हिशेबात आहे.

२०/
चाकांनी एक काम केले, दुसरे शेपटीने. ताशी २०० किलोमीटरच्या पुढे हवा गाडीचे बूड उचलू लागते. टायर कितीही रुंद असला, तरी त्यावर भारच उरला नाही, तर तो काय धरणार? टिलमान ब्रोडबेक आणि हेर्मान बुर्स्ट या अभियंत्यांनी मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा दिला. त्याने ही उचल कमी झाली. पॅरिसमध्ये लोकांनी शेपटी पाहिली ती योग्यच. फक्त तिच्या खालच्या दोन चाकांसह ती पाहायला हवी होती.

२१/
विक्री विभागाला ५०० गाड्या खपतील याची खात्री नव्हती. नोव्हेंबर १९७२ अखेर त्या सगळ्या विकल्या गेल्या होत्या. जुलै १९७३ पर्यंत एकूण १५८० बांधल्या गेल्या. तिची शर्यतीची बहीण ‘आर. एस. आर.’ आणखी पुढे गेली : पुढची रिम ९ इंच, मागची ११ इंच. फेब्रुवारी १९७३ मध्ये पीटर ग्रेग आणि हर्ली हेवूड यांनी डेटोनाची २४ तासांची शर्यत तिच्यावर जिंकली. मे महिन्यात सिसिलीच्या डोंगरी रस्त्यांवरची टार्गा फ्लोरिओ हेर्बर्ट म्युलर आणि खेइस फान लेनेप यांनी. वळणावर फसणारी म्हणून जिचा बोभाटा होता, ती गाडी वळणांच्याच शर्यतीत पहिली आली.

२२/
१९७४ च्या शेवटी ‘९११ टर्बो’ आली. मागची रिम ८ इंचांची, ऑफसेट १०.६. पुन्हा १२.७ ने कमी; आतली कड पुन्हा तिथेच. याच सुमारास पिरेलीचा ‘पी ७’ हा बुटक्या भिंतीचा टायर उपलब्ध झाला. त्याचे ५० टक्के भिंतीचे माप १५ इंची रिमवर चढवले की नवाच पेच उभा राही : २०५/५० चे चाक ५८६ मिलिमीटरच उंच, म्हणजे पाच सेंटीमीटरहून अधिक ठेंगणे. त्यावर उपाय रिम मोठी करण्याचा. १६ इंची रिमवर पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५० घेतले, तर दोन्ही चाकांची उंची सुमारे ६३२ मिलिमीटर भरते. १९७८ च्या ३.३ लिटरच्या टर्बोवर हीच मापे होती.

२३/
पुढच्या दशकांत हाच क्रम चालू राहिला. २०१८ मध्ये आलेल्या ‘९९२’ पिढीच्या कॅरेरा एस वर पुढे २० इंची रिमवर २४५/३५ आणि मागे २१ इंची रिमवर ३०५/३० चे टायर आहेत. आता मागचे चाक रुंदच नव्हे, उंचही आहे. १६५ पासून ३०५ पर्यंतच्या या प्रवासात इंजिन मागच्या आसाच्या मागेच राहिले. कंपनीने परंपरा सोडली नाही. तिची किंमत मात्र प्रत्येक पिढीला मागच्या चाकांत मोजावी लागली.

२४/
आज कुणी आपल्या स्पोर्ट्स कारला नवी चाके निवडतो, तेव्हा प्रश्न तेच असतात. वजन कोणत्या आसावर जास्त आहे? नव्या चाकाची एकूण उंची जुन्याइतकी भरते का? रिम टायरला साजेशी रुंद आहे का? ऑफसेट बदलल्यावर चाक आत किंवा बाहेर घासणार नाही ना? आणि एकाच टोकाची रुंदी बदलून गाडीचा मूळ समतोल तर बिघडत नाही ना? कॉर्व्हेरचा समतोल दर आठवड्याच्या हवेवर अवलंबून होता. मालक विसरला की तोही गेला. आर. एस. चा समतोल चाकाच्या मापातच बसवलेला होता. चालकाने काहीही लक्षात ठेवले नाही, तरी वळणावर तो त्याच्या सोबत होता.